दोनशे त्र्याऐंशी किलो

पासो ओन्दो
१२ मार्च १९९५

विल्मार,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. "बाबा गेल्याचं कळलं. इंजिन माझं आहे, ते पाठव. जहाजवाले वजन विचारतात, कळव." एकवीस वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहायला बसलास आणि तीन ओळींत हात दुखला? खाली सही तरी धड करायचीस. बँकेच्या कागदावर करतात तशी केली आहेस, आडनावासकट.

तुला कुणी कळवलं ते ठाऊक आहे मला. रोसेंदोने. तुझा सिडनीचा पत्ता इतकी वर्षं त्याच्या ट्रकच्या कप्प्यात पडून होता आणि मेल्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही. म्हणे तूच शपथ घातली होतीस. दोन आठवडे मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात बोलावं लागलं, कारण अख्ख्या पासो ओन्दोत ट्रक त्याचा एकट्याचाच.

बाबांना पुढच्या महिन्यात वर्ष होईल. सकाळी येर्बाच्या चहाचा भोपळा हातात घेऊन ओट्यावर बसले होते. मी गरम पाणी आणायला आत गेले, परत आले तर भोपळा मांडीवर कलंडलेला. त्रास झाला नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

इंजिन आहे. कातरणीच्या शेडमध्ये, तू ठेवलंस त्याच कोपऱ्यात, लोकरीच्या पोत्यांखाली झाकलेलं. तुझी ती जुनी फोर्ड गाडी मात्र बाबांनी ऐंशी साली विकली, तशीच, बिनइंजिनाची. तिच्यात आता पलीकडच्या मळ्यातल्या कोंबड्या राहतात असं ऐकते. इंजिनाला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चारही भोकांत चमचा चमचा तेल सोडते आणि हँडल घालून दोन फेरे फिरवते. "फिरवलं नाहीस तर जाम होईल," एवढं एकच वाक्य तू जाताना बोलला होतास. जाम झालेलं नाही.

वजन मला माहीत नाही. गावात विचारलं. तीतो मेकॅनिकने इंजिन न बघता, तोंडातली सिगारेट न काढता "तीनशे" म्हणून टाकलं. त्याचा मेहुणा म्हणाला दीडशे. मग दोघं भांडत बसले आणि मी साबण घेऊन घरी आले. फर्मीनकाका (आठवतात ना, कातरणीच्या टोळीतले, लोकर तोलणारे? अजून तेच तोलतात) म्हणाले, "दोन चांगले एडके धर." आता हे जहाजवाल्यांना कसं सांगणार?

मी म्हणते, तूच का येत नाहीस? ये, तुझ्या डोळ्यांसमोर खोक्यात भर, तुझ्या हाताने खिळे ठोक. तुझी खोली आहे तशी आहे. म्हणजे अगदी तशीच नाही, बटाटे ठेवते तिथे, पण बटाटे काय, एका दुपारी हलतील.

लग्न केलंस का? मुलं आहेत? शाळेच्या ओफेलियाबाई सांगत होत्या की तिकडचे नि आपले ऋतू एकच असतात. ते ऐकून मला बरं वाटलं. निदान थंडी दोघांना एकदमच वाजत असेल.

सुल्मा


२१ मे

विल्मार,

या वेळी दोनच ओळी. प्रगती आहे. "अंदाज नको, काट्यावर घाल. मी येणार नाही."

ठीक आहे. नाही तर नाही. मी काही पाया पडत नाही.

काट्याचं म्हणशील तर लोकरीचा मोठा काटा फर्मीनकाकांच्या टोळीचा, आणि तो कातरणीशिवाय निघत नाही. म्हणजे ऑक्टोबर. पण तुला घाई आहे म्हणून आम्ही आमचं डोकं चालवलं. डोकं ओफेलियाबाईंचं. त्यांच्याकडे माणसांचं वजन करायचा छोटा काटा आहे, एकशेतीस किलोपर्यंतचा. बाई म्हणाल्या, इंजिनाखाली जाड फळी घाला, एक टोक काट्यावर, दुसरं विटांवर. आकडा लिहून घ्या. मग विटा इकडे, काटा तिकडे. दोन्ही आकड्यांची बेरीज केली की वजन आलं. किती साधी गोष्ट, मी तर बघतच राहिले. आपल्या वेळी अशा बाई असत्या तर मी सहावीत शाळा सोडली नसती. सोडली तुझ्यामुळेच म्हणा. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि तुझं नाक पुसायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

रोसेंदोने साखळीची कप्पी तुळईला अडकवून इंजिन उचललं. मी फळी सरकवली. बाई वही-पेन्सिल घेऊन खाली वाकल्या. आणि नेमकी तेव्हाच रोसेंदोला शिंक आली. साखळी वीतभर सुटली, इंजिन धप्पकन फळीवर, आणि काट्याची काच तडकून आतली स्प्रिंग बाहेर.

"माझं वजन वाढलंय की नाही ते आता मला कधीच कळणार नाही," बाई म्हणाल्या. "उपकार झाले तुमचे."

रोसेंदो म्हणाला, "बाई, तुम्ही काट्याला विचारता कशाला, मला विचारायचं." त्यावर बाईंनी त्याला वही फेकून मारली. मी खूप हसले. कितीतरी दिवसांनी. हसून झाल्यावर वाटलं की तू असतास तर अजून आठ दिवस रोसेंदोला सुखाने शिंकू दिलं नसतंस.

इंजिनाला काही झालेलं नाही. फळी चिरली. तेव्हा वजन अजून कळलेलं नाही, ऑक्टोबरपर्यंत थांब.

सुल्मा


१६ जुलै

विल्मार,

चार दिवस पाऊस लागून राहिलाय. आज तोर्ता तळल्या, पीठ नेहमीप्रमाणे दोघांचं भिजवलं आणि मग एकटीने सगळ्या खाल्ल्या. पोट दुखतंय.

फोटो मिळाला. तुझ्या अंगणातली फोर्ड बघितली. एकोणतीसचीच ना? मडगार्ड बघून कळलं. गाडी अख्खी आली आहे आणि तुझा नुसता हात, मडगार्डवर ठेवलेला. कुणी काढला फोटो? ज्याने काढला त्याला सांग की गाडी आम्हाला माहीत आहे. मी तो हात भिंग लावून बघितला. अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग अजून आहे. बोटं बाबांसारखी जाड झाली आहेत. अंगठी दिसत नाही, पण मेकॅनिक लोक अंगठी काढूनच ठेवतात, त्यामुळे काही कळायला मार्ग नाही.

ती गाडी आ वासून बसलेली, पुढचं झाकण उघडं, आत काही नाही. ते बघून मात्र मला राहवलं नाही.

ऐक. मी खोटं बोलले. वजन मला माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं, त्याच्या आधीपासून माहीत होतं. शेडच्या दाराला आतल्या बाजूने लिहिलेलं आहे, मेंढ्यांवर खूण करायच्या लाल रंगाने, बाबांच्या अक्षरात. "मोटर २८३". दोनशे त्र्याऐंशी किलो. रोज शेडमध्ये जाते, रोज दिसतं. बाबांनी नंतर ते दार दोनदा हिरवं रंगवलं आणि दोन्ही वेळा तेवढी जागा सोडून रंगवलं.

का सांगितलं नाही ते विचारू नकोस. किंवा विचार, पण मला आज सांगता येणार नाही. एवढं लक्षात घे की वजन सांगितलं असतं तर तुझी पत्रं थांबली असती. दोन ओळींची का होईनात, चार महिन्यांत तीन आली.

आकडा आता तुझ्याकडे आहे. जहाजवाल्यांना सांग.

सुल्मा


२२ ऑक्टोबर

विल्मार,

मोंतेविदेओच्या बंदरावरच्या माणसाने मला लिहिलं की दारावर रंगवलेला आकडा चालत नाही, तोलणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी पाहिजे. शहरातल्या माणसांना बोलायची पद्धत म्हणून नसते. पण बरोबर आहे त्याचं.

गेल्या मंगळवारी कातरणीची टोळी आली. बाराशे मेंढ्या, चार दिवस. पाचव्या दिवशी लोकर बांधून झाल्यावर फर्मीनकाकांना म्हटलं, काटा काढू नका, तेवढं इंजिन घालते. या वेळी रोसेंदोला आधी विचारलं की शिंक येतेय का. कप्पीने उचललं, काट्याच्या फळीवर सावकाश सोडलं, खाली दोन बाजूंनी पाचरी मारल्या. हललं नाही. फर्मीनकाकांनी वजन सरकवत सरकवत आणलं आणि दांडी सरळ झाली.

"दोनशे पंधरा."

मी म्हटलं, "काका, नीट बघा. दोनशे त्र्याऐंशी."

काका चाळीस वर्षं लोकर तोलताहेत. त्यांना असं म्हणणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि परत तोललं. दोनशे पंधरा. मग रोसेंदोला काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी, त्याचं दवाखान्यातही तेवढंच भरतं. मग परत इंजिन. दोनशे पंधरा.

अडुसष्ट किलो कमी, विल्मार. लोखंड काही उपाशी राहून वाळत नाही. तीतो बघायला आला होता. त्याने भोवती एक फेरी मारली, ठोकून आवाज ऐकला, नि म्हणाला, "आतून कुणीतरी पोखरलंय हे." मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, म्हणाला, "दुष्काळात लोकांनी काय काय विकलं."

तुला लपवाछपवी न करता सांगते आहे. गेल्या वेळी लपवलं, आता नाही. चिठ्ठी सोबत जोडते. काय झालं ते मला कळत नाही.

सुल्मा


३ डिसेंबर

विल्मार आंद्रेस,

"काय विकलंस ते सांग."

मी हे वाचलं तेव्हा दुकानातच होते, टपाल तिथेच घेतलं. घरी येईपर्यंत सुद्धा धीर धरला नाही. सगळ्यांसमोर वाचलं आणि सगळ्यांसमोर रडले, झालं तुझं समाधान?

काय विकलं सांगू? एकोणनव्वदच्या दुष्काळात चाळीस गाई विकल्या. आईचं शिवणयंत्र विकलं. माझ्या कानातलं विकलं, जे आईने मला दिलं होतं आणि ज्याबद्दल मी कधी कुणाकडे चकार शब्द काढलेला नाही. बाबांचं खोगीर विकलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. भंगारवाला तीनदा दारात येऊन गेला. तिन्ही वेळा मी शेडच्या दारात उभी राहिले. तुझा एक बोल्ट गेला नाही या घरातून. एक वॉशर गेला नाही.

आणि कोण विचारतंय? ज्याने एकवीस वर्षांत बहीण जिवंत आहे का विचारलं नाही, तो.

मी तीतोला बोलावलं आणि म्हटलं, तूच म्हणालास ना पोखरलंय, आता उघड. त्याने माझ्यासमोर सगळं उघडलं. चारही पिस्टन आहेत. क्रँकशाफ्ट आहे. फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, सगळं जागच्या जागी. झाकणाच्या आत तू खिळ्याने कोरलेली तारीखसुद्धा आहे. तीतोने टोपी काढून माझी माफी मागितली. त्याच्याकडून माफी आली, तुझ्याकडून येईल अशी मला आशा नाही. इंजिन पुरं आहे आणि वजन कमी आहे. आता तूच

*

वरचं अर्धवट टाकलं होतं. आज दहा तारीख आहे, आज पुढे लिहिते. वरचं फाडणार नाही. तेही तुला वाचू दे.

परवा टोळीची कातरणी संपवून फर्मीनकाका काटा घेऊन परतत होते. जाता जाता त्यांना आमचा एक एडका तोलायचा होता, त्यांच्या पुतण्याला विकत हवा आहे. एडका काट्यावर उभा राहीना. तू बघितलंयस, कधीच राहत नाही. तेव्हा काकांनी नेहमीचं केलं. रोसेंदोला म्हणाले, "धर मिठी आणि चढ." रोसेंदो एडक्याला कवेत घेऊन काट्यावर. दोघं मिळून एकशे एक्याऐंशी.

मी सहज म्हटलं, "काका, रोसेंदोला वजा करा हं, नाहीतर तो एडक्याबरोबर विकला जायचा."

रोसेंदो म्हणाला, "मला कोण घेतंय."

आणि मी तिथेच लोकरीच्या गठ्ठ्यावर बसले. काका विचारायला लागले, बाई बरं नाही का, पाणी देऊ का.

विल्मार, तुला आठवतं का? चौदा ऑगस्ट त्र्याहत्तर. मला इतकी वर्षं त्या दिवसाचं भांडण तेवढं आठवत होतं. भांडणाच्या आधीचं सगळं मी विसरून गेले होते. त्या दिवशीही हाच काटा होता, नुसतं वजन बघू म्हणून तू मागून आणलेला. साखळी सैल सोडल्यावर इंजिन डुगडुगत होतं, कारण पाचरी मारायचं कुणाला सुचलं नाही. बाबा ओरडले, "धर त्याला, लोळेल." आणि तू चढलास. इंजिनाला मिठी मारून उभा राहिलास, गाल त्याच्या लोखंडाला लावून, एडक्याला धरतात तसा. मी किटली घेऊन दारात होते. मला हसू आलं होतं. बाबांनी वजन सरकवलं, म्हणाले, "दोनशे त्र्याऐंशी," आणि विसरायला नको म्हणून तिथल्या तिथे दारावर रंगवलं. मग म्हणाले, "आता इंजिन काढतो, तू एकटा उभा राहा, तुझं वजा करू."

तू काट्यावरून उतरत म्हणालास, "कशाला? रोसेंदोच्या ट्रकला काही जड नाही."

बाबांनी विचारलं, "ट्रकला? कुठे न्यायचंय?"

तू सांगितलंस. मोंतेविदेओ, मग जमलं तर त्याच्याही पुढे. देशात लष्कराचं राज्य येऊन दोन महिने झाले होते, आणि तुझ्या वयाची पोरं रोज कुठे ना कुठे निघून जात होती. बाबांचा चेहरा मला आठवतो. त्यांनी रंगाचा डबा खाली ठेवला. पुढचं तुला माहीत आहे. ते म्हणाले, इंजिन या छपराखालून हलणार नाही, तू म्हणालास, मग मीही बघतो, आणि मेलेल्या आईलाही मध्ये ओढलंत दोघांनी.

तुला एकट्याला कुणी तोललं नाही. वजाबाकी राहिली ती राहिलीच.

ते अडुसष्ट किलो तू होतास. बाबा ते दार रंगवताना तेवढी जागा का सोडत होते ते मला माहीत नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, कधी बोलले नाहीत. मी काल दारासमोर बरीच उभी राहिले आणि त्या आकड्यावर हात ठेवला. वेडी म्हण मला. वीस वर्षांचा तू, अडुसष्ट किलोचा, बरगड्या मोजता येतील असा. तुला मी किती खाऊ घालायचे, अंगाला काही लागायचं नाही.

आता दुसरी गोष्ट. ही मला आजच लिहिली पाहिजे, उद्या लिहायचं धाडस होणार नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी शेडला कुलूप लावलं. तू स्वयंपाकघरात आलास, मी पीठ मळत होते. तू विचारलंस, "किल्ली कुठे आहे?" मी म्हटलं, बाबांच्या कमरेला. विल्मार, किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती. बाबांनी माझ्याकडे दिली होती, "त्याला देऊ नकोस" म्हणून नाही, नुसती दिली होती. द्यायची की नाही ते माझ्यावर होतं. तू हात पुढे केला होतास आणि मी पिठाचे हात दाखवून म्हटलं, बाबांना विचार. मला वाटलं, इंजिनाशिवाय हा कुठे जाणार. दोन हिवाळे घासून घासून बांधलेलं इंजिन सोडून कुठे जाणार.

सकाळी पिशवी घेऊन चालत गेलास. फिरवण्याचं ते एक वाक्य बोललास आणि गेलास. मी फाटकापर्यंत आले आणि किल्ली मुठीत होती आणि तरी मी मूठ उघडली नाही.

आणि परत तेच केलं. फर्मीनकाकांचा काटा मार्चमध्ये मागितला असता तर त्यांनी दिला असता. कातरणीशिवाय निघत नाही हे मी रचलं. तेव्हा किल्ली लपवली, आता वजन. हे इंजिन इथे असेपर्यंत तुला इकडे यायला एक तरी कारण आहे, एवढाच माझा हिशेब होता. वाईट हिशेब आहे. मला तुझी फार आठवण येते. ते तुला कसं सांगायचं ते मला कधी कळलं नाही, म्हणून मी लोखंड धरून बसले.

वजन दोनशे पंधरा आहे. बरोबर आहे.

तुझी
सुल्मा


११ फेब्रुवारी १९९६

प्रिय विल्मार,

डिसेंबरच्या पत्राला तुझं उत्तर आलेलं नाही. दोन महिने वाट बघितली. रोसेंदो म्हणतो टपाल हरवलं असेल. तो भला माणूस आहे, असंच म्हणणार. मला वाटतं तू वाचलंस आणि तुला राग आला. येऊ दे. तुझा तो हक्क आहे.

मी उत्तराची वाट बघत बसले असते तर इंजिन आणखी एक वर्ष इथेच राहिलं असतं, आणि मी स्वतःला सांगितलं असतं की बघ, त्याचंच उत्तर आलं नाही. तेव्हा मी आणखी थांबले नाही.

रोसेंदोने निलगिरीच्या फळ्यांचं खोकं केलं. इंजिनावर तेलाचा हात फिरवला, भोकं बुचांनी बंद केली, सगळं मेणकापडात गुंडाळलं, भोवती कच्ची लोकर कोंबली. आपल्याच मेंढ्यांची आहे, धुतलेली नाही, खोकं उघडशील तेव्हा वास येईल. वास आला तर फेकून देऊ नकोस लगेच.

खोक्यासकट दोनशे सत्तावन्न किलो. फर्मीनकाकांनी चिठ्ठीवर सही केली, आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "सोबत कुणी उभं नव्हतं." मोंतेविदेओचा तो माणूस हे वाचून डोकं खाजवत बसला असेल.

गुरुवारी सकाळी रोसेंदोने ट्रक मागे घेतला. खोकं चढवलं, दोर आवळले, आणि मग खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

"सुल्मा, नक्की ना? अजून उतरवता येईल."

मी म्हटलं, "तू निघ."

"मग तो कशाला येईल गं?"

त्याला सगळं माहीत होतं, विल्मार. मार्चपासून माहीत होतं आणि त्या दिवशी शिंकसुद्धा त्याने मुद्दाम काढली होती. मला आत्ता कळलं. मी ट्रकचं दार उघडून धरलं.

शनिवारी तो बंदरावरून परत आला. जहाजात चढवलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं. सहा आठवडे लागतात म्हणे. पावत्या आणि चिठ्ठ्या यासोबत आहेत, सगळ्या तुझ्या नावाच्या. शेडचा तो कोपरा मी काल धुऊन काढला. जमिनीवरचा तेलाचा डाग काही निघत नाही.

आता या घरात तुझं काही राहिलेलं नाही. आई नाही, बाबा नाहीत, गाडी नाही, इंजिन नाही. इथे येऊन तुला न्यायला काही नाही, आणि तुझ्यापासून लपवायलाही माझ्याकडे काही उरलेलं नाही. मी पन्नाशीची बाई आहे, गुडघा दुखतो, जास्त बोलते. आता तू आलास तर फक्त मला भेटायला येशील.

ये.

सुल्मा